चिखलखोली

त्यांना सगळे स्टोअरबाई म्हणत. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचं अख्खं भांडार त्यांच्या ताब्यात होतं, आणि कोणती वस्तू कोणत्या फळीवर आहे हे त्या झोपेतून उठवलं तरी बिनचूक सांगत. भांडारात त्यांचा धर्म एकच, वस्तू जागेवर पाहिजे. ती वापरली नाही तरी चालेल. किंबहुना वापरली नाही तर फारच उत्तम, कारण वापरली की ती जागेवरून हलते. कामगार बिचारे एखादा वॉशर मागायला आले तरी चोरी करायला आल्यासारखे खिडकीपाशी उभे राहत.

आणि अशा बाईच्या स्वतःच्या घरात शिरताना माणूस पहिल्यांदा काय करायचा, तर धडपडायचा. पुढचं दार उघडलं की एक लांबोडकी खोली लागत असे. खोली कसली, दार आणि बैठक यांच्यामधला उरलासुरला तुकडा. तिथे नवऱ्याचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट असत. नवरा पाणीखात्यात होता. जिथे पाइप फुटेल तिथे खड्ड्यात उतरणं हेच त्याचं काम. लेक फुटबॉलच्या संघात गोलकीपर, तिला घरातही गोलकीपरच म्हणत. ती मैदानाचा निम्मा भाग बुटांना लावून घरी आणायची. सासऱ्यांना मागच्या अंगणात भाजी लावायचा नाद, त्यांच्या पायताणांना ओली माती. राहिला कुत्रा. त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं. शिवाय छत्र्या, रेनकोट, दप्तरं आणि कोणाचाच नसलेला एक मोजा. हे सगळं त्या तुकड्यात गुण्यागोविंदाने नांदत होतं.

एक दिवस तिथे नणंदबाई येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याची ही थोरली बहीण दूरच्या गावी राहायची आणि कामानिमित्त अधूनमधून इकडे यायची. त्या दिवशी ती दारातच थबकली, उजव्या हाताच्या भिंतीकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाली, "पाय ठेवायलासुद्धा जागा नाही गं तुमच्याकडे." मग चहा घेतला, वडिलांशी चार शब्द बोलली आणि मुक्कामाला लॉजवर गेली. स्वतःचं माहेर असताना लॉजवर.

हे वाक्य तुम्हाआम्हाला कोणी ऐकवलं असतं तर आपण "हो ना" म्हणून चार चपला पायाने बाजूला सारल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण हे एका स्टोअरबाईला ऐकवलेलं वाक्य होतं. ते त्यांच्या इतकं जिव्हारी लागलं की त्या रात्री त्यांनी मसाल्याचे डबे दोनदा लावले. पुढे नणंदबाई आल्या की लॉजवरच उतरायच्या आणि सासरे बिचारे काठी टेकत लेकीला भेटायला तिकडे जायचे. लॉजच्या खुर्चीवर बसून बापलेक बोलणार, आणि नातेवाईक म्हणणार की भावजयीने नणंदेचं माहेर तोडलं. सासरे कधी काही बोलले नाहीत. एकदाच, कुत्र्याला पोळीचा तुकडा घालता घालता, कुत्र्यालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "पोरगी एक रात्र घरात झोपली असती तर बरं वाटलं असतं." स्टोअरबाईंनी ते ऐकलं.

म्हणून नणंदबाईंचा फोन आला, की पुढच्या महिन्यात येतेय, मुक्कामाचं मग बघू, तेव्हा स्टोअरबाईंनी पदर खोचला. त्या "बघू"मध्ये त्यांना फट दिसली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी डेकोरेटरला बोलावलं.

डेकोरेटर हा किडकिडीत माणूस होता. कोणत्याही खोलीत आल्यावर आधी डोळे मिटायचे ही त्याची पद्धत. इथेही त्याने मिटले आणि दीर्घ श्वास घेतला. तो घ्यायला नको होता.

"ही खोली घुसमटलीय," तो म्हणाला.

"घुसमटलीय कुठली," नवरा म्हणाला, "मोज्यांचा वास आहे तो."

डेकोरेटरने मोबाईलवर फोटो दाखवायला सुरुवात केली. एकेक खोली अशी की पाहून तोंडात बोट जावं. पांढरी बाकं, त्यावर उशा, पितळी हूक, एका हूकला वेताची टोपी, टोपीखाली एकच छत्री, तीही कोरडी. कोणत्याही फोटोत माणूस नव्हता. "याला मडरूम म्हणतात," तो म्हणाला. "हल्ली चांगल्या घरांतून असतेच."

"मड म्हणजे?" सासऱ्यांनी विचारलं.

"चिखल."

"म्हणजे चिखलखोली. ती आमच्याकडे आहेच की," सासरे म्हणाले. "ती मोडून नवीन कशाला?"

नवऱ्यालाही याबाबतीत थोडं कळत होतं. शेवटी आयुष्य चिखलात गेलेलं. त्याने सुचवलं, की खाली साधी खडबडीत फरशी घाला, कोपऱ्यात नळ द्या, त्याखाली जाळी, पाय धुतले की पाणी बाहेर. डेकोरेटरने त्याच्याकडे अशी नजर टाकली जशी देवघरात कोणी कोंबडी आणून सोडावी. "नळाने लूक मोडतो," तो म्हणाला. आणि स्टोअरबाई, ज्यांनी आजवर कारखान्यातल्या एकाही साहेबाचं ऐकलं नव्हतं, त्या या माणसापुढे मान डोलवत राहिल्या. फोटोतल्या खोल्यांमध्ये प्रत्येक वस्तू जागेवर होती ना. बाई तिथेच घसरल्या.

काम सुरू झालं. जुन्या खुंट्या निघाल्या, फळ्या निघाल्या. दाराच्या उजव्या हाताला, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर, एक वाकडा खिळा होता. इतक्या खाली खिळा कोणी आणि का ठोकला देव जाणे. त्याला कुत्र्याचा पट्टा अडकवलेला असे. मिस्त्रीने पकड लावली तेव्हा सासरे म्हणाले, "तो राहू द्या."

"का हो बाबा?" स्टोअरबाईंनी विचारलं.

"असू दे की. कोणाला खातोय?"

"अहो, पण तिथे पॅनेल येणार."

सासऱ्यांनी आशेने मुलाकडे पाहिलं. मुलगा मोबाईलवर कुठल्यातरी फुटलेल्या पाइपचा फोटो मोठा करून बघत होता. खिळा निघाला, खाली टणकन पडला, आणि सासऱ्यांनी वाकून तो उचलून सदऱ्याच्या खिशात टाकला. म्हाताऱ्या माणसांना काहीबाही जपायची सवय असते असं समजून कोणी लक्ष दिलं नाही.

खोली तयार झाली आणि खरं सांगायचं तर सुंदर झाली. दुधावरच्या सायीच्या रंगाचं बाक, त्यावर त्याच रंगाची गादी, मागे त्याच रंगाचं पॅनेल, खाली त्याहून फिकट गालिचा. चिखल यायचा त्या खोलीत सायीचा रंग का, असं नवऱ्याने विचारलं, तर डेकोरेटर म्हणाला, चिखल उठून दिसला की माणूस आपोआप सावध होतो. भिंतीवर पितळी हूक बसले आणि प्रत्येक हूकवर लहानशी पाटी. पाट्या मात्र स्टोअरबाईंनी स्वतः करून घेतल्या. पाटीशिवाय फळी म्हणजे त्यांच्या मते नुसता लाकूडफाटा. आजोबा. बाबा. आई. गोलकीपर. कुत्र्याच्या पट्ट्यासाठी वेगळा हूक, त्यावर डेकोरेटरच्या आग्रहाने 'श्वान'. आणि दाराच्या सगळ्यात जवळ, सगळ्यात मोठा, दुहेरी हूक, त्यावर 'पाहुणे'. हा हूक कोणाला मनात धरून घेतला होता ते सांगायला नकोच. त्याच्याखालचं बाकही चार बोटं रुंद करून घेतलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी नवरा कामावरून आला.

"थांबा," स्टोअरबाई आतून म्हणाल्या. "बूट काढून आत या."

"बूट काढायची खोली हीच ना?"

"हो. पण आत यायच्या आधी काढा."

"मग कुठे काढू?"

"बाहेर."

"आणि आत येऊन काय काढू?"

स्टोअरबाईंनी आवाज चढवला. नवऱ्याने पायरीवर बसून बूट काढले. दुसऱ्या दिवशी पायरीवर एक पायपुसणं आलं. ते खराब होऊ नये म्हणून त्याच्या अलीकडे एक जुनं पोतं आलं. गोलकीपरने रेनकोट आपल्या हूकला अडकवला तर तो ठिबकतोय म्हणून काढायला लावला. सासरे बाकावर टेकले तर गादीला खळगा पडला. तो स्टोअरबाईंनी मागून हाताने थापटून सारखा केला. सासरे परत तिथे बसले नाहीत. कुत्रा तर 'श्वान' पाटीखाली उभा राहून एकदा अंग झाडता झाडता वाचला. भांडारातली शिस्त अखेर घरात आली होती. माल उत्तम, जागेवर, आणि कोणी हात लावायचा नाही.

मग पावसाने झोडपलं. पायरीवरचे बूट पाण्याने काठोकाठ भरले आणि घरातल्या माणसांनी, कोणी कोणाला न सांगता, मागच्या दाराने यायला सुरुवात केली. मागचं दार थेट स्वयंपाकघरात उघडायचं. आठवडाभरात फ्रिजच्या बाजूला रबरी बूट आले, ओट्याखाली फुटबॉलचे बूट, भाजीच्या टोपलीशेजारी पायताणं. तो मालक नसलेला मोजासुद्धा तिथे हजर झाला. चिखलाच्या खोलीत चिखल नाही आणि पोळ्या लाटताना पायाखाली माती. स्टोअरबाईंना हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्यांनी मनाची समजूत घातली, की ताई एकदा येऊन राहून जाऊ देत, मग बघू. तोवर पुढची खोली चांगली राहिली पाहिजे.

नणंदबाई यायच्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली. सासऱ्यांनी आदल्या संध्याकाळीच पाहुण्यांच्या खाटेवरची चादर स्वतः बदलली होती, उशीला अभ्रा उलटा घातला होता. स्टोअरबाईंनी तो सुलट केला. यावेळी ताई लॉजवर गेल्या तर या म्हाताऱ्याला तोंड कसं दाखवायचं?

दुपारपासून त्या पुढच्या खोलीत उभ्या होत्या. बसल्या नाहीत, गादीला खळगा पडला असता. दार सताड उघडं, फुलदाणीत फुलं, हूक लखलखीत. बाहेर पावसाची भुरभुर आणि गल्लीच्या मधोमध एक भलामोठा खड्डा. तो त्यांच्या नवऱ्याच्याच खात्याने सकाळी खणला होता, मुहूर्त बघून खणावा तसा. उभ्या उभ्या बाईंच्या पोटऱ्या भरून आल्या. नणंदबाईंचा पत्ता नाही.

आणि मग मागून, स्वयंपाकघरातून, खळखळून हसणं ऐकू आलं.

स्टोअरबाई धावतच आत गेल्या. नणंदबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या, घोट्यापर्यंत चिखलाने माखलेल्या, हातात पोळीचा तुकडा. चपला काढून सरळ त्या ढिगावर भिरकावलेल्या, त्यातली एक उलटी. गोलकीपर फ्रिजवर चढून बसली होती, नवरा हसून लाल झाला होता, आणि सासरे लेकीकडे टक लावून बघत होते.

"अहो ताई, पुढचं दार उघडं ठेवलं होतं की मी."

"पुढे तुझ्या नवऱ्याने खंदक खणलाय. आणि मागची वाट काय मला नवीन आहे?" नणंदबाई म्हणाल्या. "बरं वाटलं बाई. घर आहे तसंच आहे."

जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती चपलांच्या ढिगातूनच आत आली होती, आणि वर खूशही होती. स्टोअरबाईंना हसावं की रडावं कळेना. तरी त्यांनी धीर सोडला नाही. हे तर काहीच नाही, असं म्हणत त्यांनी नणंदबाईंना पाय धुवायला लावले, पुसायला टॉवेल दिला आणि वरात निघावी तशी सगळ्यांना पुढे घेऊन गेल्या. घरचे उंबऱ्यापाशीच थांबले. सवयच झाली होती.

नणंदबाई आत गेल्या. गालिच्यावर अनवाणी उभं राहून त्यांनी बाक पाहिलं, गादी पाहिली, पितळ पाहिलं. "फार सुंदर केलंस गं," त्या म्हणाल्या, आणि स्टोअरबाईंचा जीव भांड्यात पडला. मग नणंदबाई एकेक पाटी वाचत दाराकडे सरकल्या. "आजोबा. बाबा. आई. गोलकीपर." 'श्वान' वाचून त्या हसल्या. "कुत्र्याचीही सोय झाली."

"आणि हा तुमचा, ताई," स्टोअरबाई घाईने म्हणाल्या. "सगळ्यात मोठा. मुद्दाम दाराजवळ घेतला."

नणंदबाईंनी पाटी वाचली. मोठ्याने नाही वाचली.

"छान आहे," त्या म्हणाल्या. पर्स मात्र त्यांनी खांद्यावरून काढली आणि हातातच धरून ठेवली. मग म्हणाल्या, "मी निघते अंधार पडायच्या आत. लॉजवर खोली सांगून ठेवलीय."

सासरे उंबऱ्यावरून मागे वळले. ते पाहून स्टोअरबाईंचा संयम सुटला. इतकी वर्षं मूग गिळून गप्प बसलेली बाई, ती त्या सायीच्या गालिच्यावर ताठ उभी राहिली. "ताई, आता काय कमी आहे ते सांगा," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात पाय ठेवायला जागा नाही. मी जागा केली. घर बोडकं केलं, माणसांना पायरीवर बसवलं, हे सगळं तुम्ही एक रात्र राहावं म्हणून केलं. आता काय चुकलं?"

नणंदबाई गडबडल्या. हे एवढं सगळं आपल्या एका वाक्यावर झालंय हे त्यांना स्वप्नातही नव्हतं. त्यांनी उजव्या हाताच्या पॅनेलवर, कमरेएवढ्या उंचीवर, तळवा ठेवला.

"इथे एक खिळा होता," त्या म्हणाल्या. "मी शाळेत जायला लागले तेव्हा बाबांनी माझ्या हाताला पोचेल असा ठोकला होता. दप्तराला. लग्न झाल्यावरही आले की पर्स तिथेच अडकवायचे. मग त्या खेपेला येऊन बघते तर त्याला कुत्र्याचा पट्टा. मला एकदम रडू आलं. वाटलं, संपलं, आता इथे आपलं काही नाही. पण खिळ्यावरून रडले असं सांगणार कोणाला? म्हणून चपलांवर घेतलं. चपलांचं मला काय गं, मी याच चपलांत वाढले."

स्टोअरबाईंचे कान तापले. हजार वस्तूंच्या जागा तोंडपाठ असलेल्या त्या बाईने घरातल्या एका माणसाची जागा दोनदा काढून घेतली होती. एकदा कुत्र्याला दिली, एकदा पाहुण्यांना. आणि दुसऱ्यांदा तर वर पितळी पाटी लावली. त्यांना आपली स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर वर बघवेना.

वर पाहिलं तेव्हा सासरे पुढे आले होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि तो वाकडा खिळा सुनेपुढे धरला. "मी राहू द्या म्हटलं होतं," एवढंच म्हणाले.

"कारण सांगायचं होतं ना बाबा," स्टोअरबाई म्हणाल्या.

"मला वाटलं, घरात सगळ्यांना माहीत असेल."

नवरा खाली मान घालून उभा होता.

स्टोअरबाई मागे गेल्या. नवऱ्याची हातोडी ओट्याखाली, बुटांच्या ढिगात पडली होती. ती उपसताना त्यांचे पाय मातीत भरले आणि तशाच पायांनी त्या गालिच्यावरून चालत आल्या. पावलं एकामागून एक उमटली, चांगली उठून दिसली. त्या पॅनेलपुढे गुडघे टेकून बसल्या. "इथेच ना, ताई?" "बोटभर खाली," नणंदबाई म्हणाल्या. "हं, तिथे." पहिल्या घावाला खिळा घसरला, दुसऱ्याला बाईंच्या अंगठ्याला लागलं, तिसऱ्याला आत गेला आणि सायीच्या रंगाचं पॅनेल वरपासून खालपर्यंत तडकलं. डेकोरेटरने परदेशी लाकूड म्हणून सांगितलं होतं. आत भुसा होता.

नणंदबाईंनी पर्स खिळ्याला अडकवली. पर्स गालिच्यापासून जेमतेम वर लोंबकळली. सासरे बाकावर ऐसपैस बसले, गादीला हवा तेवढा खळगा पाडला, आणि लेकीला म्हणाले, "लॉजवाल्याला फोन कर." तिने केला. गोलकीपरने 'पाहुणे' पाटी उचकटून काढली आणि ती डेकोरेटरकाकांना लावायची का म्हणून विचारलं. तेवढ्यात कुत्रा मागच्या अंगणातून लोळून आला, सगळ्यांच्या पायांतून वाट काढत बाकावर चढला आणि त्याने मनसोक्त अंग झाडलं. स्टोअरबाईंच्या कपाळावर, नाकावर, चांगल्या साडीवर शिंतोडे उडाले. त्यांनी पुसले नाहीत. त्या नणंदबाईंच्या शेजारी बाकावर बसल्या आणि दुखरा अंगठा तोंडात घालून चोखत राहिल्या.

तेवढ्यात फोन वाजला. डेकोरेटर होता. खोली पूर्ण झाली तर फोटो काढून घ्यावेत म्हणत होता, पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवायला. आता येऊ का?

"आज नको," स्टोअरबाई म्हणाल्या. "घरात माणसं आहेत."